कॅसेटमधला कोड स्वतः लिहायचा तर

डिप्लोमाला किंवा बी.ई.ला मायक्रोप्रोसेसर शिकलेल्या बहुतेकांची असेंब्लीशी ओळख एका परीक्षेपुरती असते. दहा संख्यांची बेरीज करा, त्यातली सर्वांत मोठी शोधा, चढत्या क्रमाने लावा. जर्नलवर सही झाली की विषय संपला. नाशिकरोडला सामनगाव रोडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेला असो की गंगापूर रोडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, ‘एमव्हीआय ए’ म्हणजे काय एवढं त्याला आजही आठवतं. पण ते शिकून करायचं काय, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. किटवरच्या लाल आकड्यांत उत्तर उमटायचं आणि त्या उत्तराशी कुणालाच काही देणंघेणं नसायचं.

याच मंडळींच्या किंवा त्यांच्या शेजाऱ्यांच्या घरी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम होता. मारिओ, कॉन्ट्रा, सर्कस, रोड फायटर, टँक. ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट, ज्यात तेच ते दहा-वीस गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. त्या डब्यातला प्रोसेसर ८०८५च्याच पिढीचा. म्हणून सल्ला सरळ आहे: असेंब्ली पुन्हा हातात घ्यायची असेल, किंवा सध्या तुमच्या सेमिस्टरला ती असेल आणि डोक्यावरून जात असेल, तर या डब्यासाठी शिका. इथे रजिस्टरमधली चूक पडद्यावर दिसते, आणि ती दुरुस्त करावीशी वाटते. मात्र गेम बनवायला बसू नका. पडद्याचा रंग बदलायला बसा. गेम त्यातूनच पुढे येतो.

यंत्राची ओळख थोडक्यात. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम आणला आणि १९८५मध्ये तोच एनईएस या नावाने अमेरिकेत गेला. आपल्याकडे आयात करामुळे अस्सल यंत्र अपवादानेच दिसलं. समुराई, मीडिया, लिटल मास्टर, विझ किड अशा नावांनी आले ते परवान्याने बनवलेले किंवा सरळ नक्कल केलेले डबे. आतला प्रोसेसर मूळचा रिको कंपनीचा, पण त्याचा गाभा मॉस टेक्नॉलॉजीच्या ६५०२चा. १९७५मध्ये ही चिप २५ डॉलरला विकायला काढली तेव्हा इतकी स्वस्त चिप खरीच असेल यावर लोकांचा विश्वास बसेना. ॲपल टूमध्ये ती होती आणि बीबीसी मायक्रोमध्येही. १९८४-८५च्या ‘क्लास’ योजनेत आपल्या निवडक शाळांना जे संगणक मिळाले ते हेच. तेव्हा शाळेत कुणी बीबीसीवर बेसिक टाइप केलं असेल, तर ६५०२ला त्याचा हात आधीच लागलेला आहे.

कामाला येणारी रॅम अवघी २ केबी. १९८५चा सुपर मारिओ ३२ केबी कोड आणि ८ केबी चित्रं, अशा ४० केबीत बसवलेला. रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारं गुलाबाच्या फुलाचं चित्र यापेक्षा मोठं असतं. मारिओतले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं म्हणजे एकच चित्र, फक्त रंग वेगळे, ही गोष्ट एकदा कळली की या यंत्रावर काम करणाऱ्यांची काटकसर लक्षात येते.

सामान काय लागतं? कुठलाही जुना लॅपटॉप चालतो. असेंब्लर म्हणून सीए६५ घ्या, तो सीसी६५ या मोफत संचात येतो. सुटसुटीत हवा असेल तर एएसएम६. चालवून बघायला मेसेन हा एमुलेटर, त्याचा डीबगर उत्तम आहे. चित्रं काढायला वायवाय-सीएचआर. इझी ६५०२ हा निक मॉर्गनचा ब्राउझरमध्येच चालणारा धडा आधी दोन-तीन संध्याकाळी करून टाका, मग नर्डी नाइट्स ही धड्यांची मालिका. बाकी पंचवीस टॅब उघडून ठेवू नका.

एमुलेटर उघडल्यावर पहिलं काम म्हणजे रीजन बदलणं, आणि ही गोष्ट परदेशी धड्यांत सहसा ठळकपणे येत नाही. अमेरिका-जपानचं यंत्र सेकंदाला ६० चौकटी दाखवतं. युरोपचं ५०, पण त्याचा प्रोसेसर जरा संथ. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणून आपल्याला मिळालेल्या नकला तिसऱ्याच जातीच्या: चौकटी ५०, प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झचा, आणि पडदा रिकामा असण्याची वेळ मात्र अमेरिकन यंत्राइतकीच तोकडी. रशियात गाजलेल्या नकलेवरून एमुलेटरमध्ये याला ‘डेंडी’ म्हणतात. ते निवडा. वेळेची गणितं अमेरिकन धड्यांतली तशीच लागू पडतील, वेग फक्त आपल्या डब्याचा राहील.

आता खरी अडचण. ८०८५ येतं म्हणजे ६५०२ येईल असं वाटतं, आणि तिथेच ठेच लागते, कारण दोन्ही भाषा दिसायला सारख्या असून काही ठिकाणी बरोबर उलट वागतात.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक # या चिन्हाची. ‘एलडीए #५’ म्हणजे ॲक्युम्युलेटरमध्ये ५ हा आकडा घे. ‘एलडीए ५’ म्हणजे पाचव्या पत्त्यावर जे काही पडलं असेल ते घे. ८०८५मध्ये या दोन कामांना एमव्हीआय आणि एलडीए अशी वेगळी नावं होती, त्यामुळे गल्लत व्हायची नाही. इथे एक चिन्ह सुटलं तरी असेंब्लर चकार शब्द काढत नाही, कारण दोन्ही ओळी व्याकरणाने शुद्ध आहेत. प्रोग्राम विचित्र वागायला लागला की आधी # मोजा.

दुसरं, कॅरी. ८०८५मध्ये सीएमपी केल्यावर ॲक्युम्युलेटर लहान निघाला तर कॅरी १ होतो. ६५०२मध्ये ॲक्युम्युलेटर मोठा किंवा समान असेल तर कॅरी १. म्हणजे जिथे बोटं सवयीने ‘जेसी’ टाइप करणार तिथे ‘बीसीसी’ हवं. वजाबाकीचंही तसंच: एसबीसीच्या आधी एसईसी देऊन कॅरी चढवायचा, आणि बेरजेच्या आधी सीएलसी देऊन उतरवायचा. कॅरी न धरता बेरीज करणारी आज्ञा या चिपमध्ये नाहीच. पहिले काही दिवस एडीसी लिहिलं की वर सीएलसी आहे का हे बघायची सवय लावून घ्या.

तिसरं, फ्लॅग. ८०८५च्या एमओव्हीने फ्लॅग हलत नाहीत. ६५०२मध्ये नुसतं एलडीए केलं तरी झीरो आणि निगेटिव्ह फ्लॅग बदलतात. हा फायदाही आहे, कारण आकडा उचलल्या उचलल्या तो शून्य आहे का ते कळतं. पण तुलना आणि उडी यांच्या मधे सहज म्हणून एखादं एलडीए घातलंत, तर उडी त्या एलडीएच्या हिशेबाने बसेल.

राहिली एचएल जोडीची सवय. ती सोडा. इथे ए, एक्स, वाय एवढीच तीन रजिस्टरं, तीही आठ बिटी. पण मेमरीचे पहिले २५६ बाइट, ज्याला झीरो पेज म्हणतात, ते जवळजवळ रजिस्टरासारखेच वापरायचे असतात: तिथली ये-जा झटपट होते आणि शेजारचे दोन बाइट मिळून पत्ता धरून ठेवतात, वायने पुढे सरकायचं. इन-आउटच्या आज्ञाही नाहीत. पडदा, आवाज, रिमोट, सगळं ठरावीक पत्त्यांवर लिहून-वाचून चालतं.

पहिला प्रोग्राम हिरव्या पडद्याचा करा. फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटांचा मथळा येतो, त्यात कोडचे आणि चित्रांचे किती तुकडे आहेत हे एमुलेटरला सांगितलेलं असतं. तो धड्यातून जसाच्या तसा उचला, त्यात शिकण्यासारखं फार नाही. शेवटचे सहा बाइट मात्र समजून घ्या. $एफएफएफएपासून ($ म्हणजे पुढचा आकडा हेक्समधला) दोन-दोन बाइटांचे तीन पत्ते असतात: एनएमआय, रीसेट आणि आयआरक्यू. ८०८५चा ट्रॅप आठवतो? तो ठरलेल्या ००२४ पत्त्यावर जायचा. इथे कुठे जायचं तो पत्ता तुम्हीच लिहून ठेवायचा.

रीसेटनंतर इंटरप्ट बंद करा, स्टॅक जागेवर आणा, $२००० आणि $२००१ मध्ये शून्य टाका. मग थांबायचं. चित्र काढणारी चिप, म्हणजे पीपीयू, वीज आल्यावर लगेच ऐकायच्या मनःस्थितीत नसते. तिला दोन चौकटी जाऊ द्याव्या लागतात. त्यासाठी ‘बिट $२००२’ आणि खाली ‘बीपीएल’ करून त्याच ओळीवर परत, असं दोनदा. $२००२चा सातवा बिट पडदा रिकामा झाला की १ होतो आणि बीपीएल सुटतो. एमुलेटरवर हे थांबणं गाळलं तरी कधी कधी चालून जातं. खऱ्या डब्यावर पडदा काळाच राहील.

आता $२००६ मध्ये आधी $३एफ, मग $०० लिहा. हा रंगांच्या यादीचा पहिला पत्ता, मोठा बाइट आधी. $२००७ मध्ये $२ए लिहा, हा पोपटी हिरवा. $२००१ मध्ये $०८ टाकून पार्श्वभूमी चालू करा आणि शेवटी जेएमपीने प्रोग्राम स्वतःवरच फिरत ठेवा. चित्रांचे ८ केबी सगळे शून्य ठेवले असतील तर पूर्ण पडदा हिरवा होईल. इतकंच. रंग बदलून बघा, पण $०डी टाळा. तो काळ्याहून काळा असल्यामुळे जुन्या टीव्हीचं चित्र त्याने हलू शकतं.

यापुढचा विषय वेळेचा आहे आणि या शिक्षणाचं सगळं सार त्यात आहे, असं माझं मत. पीपीयू पडद्यावर ओळी ओढत असताना तिच्या मेमरीला हात लावायचा नाही. एक चौकट संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या फटीत, म्हणजे व्हीब्लँकमध्ये, काय ते उरकायचं. आपल्या जातीच्या डब्यात एका चौकटीला साधारण ३५,४६४ सायकल मिळतात, त्यातल्या व्हीब्लँकच्या फक्त २,२७३. हलणारी चित्रं, म्हणजे स्प्राइट, $४०१४ मधून एका फटक्यात पाठवली की ५१३ गेल्या. उरल्या सुमारे १,७५०.

आता कागदावर मांडा. लूपमध्ये एक बाइट पाठवायला एलडीएच्या ४, एसटीएच्या ४, आयएनएक्सच्या २, सीपीएक्सच्या २, बीएनईच्या ३, एकूण १५. म्हणजे एका चौकटीत जेमतेम ११६ बाइट. पूर्ण पडद्याला ९६० चौकोन आणि ६४ बाइट रंगांचे लागतात. तेव्हा खेळ चालू असताना पडदा नव्याने लिहिणं विसरा. गणितं मुख्य लूपमध्ये करायची, बदललेले चार-सहा चौकोन रॅममध्ये एका यादीत ठेवायचे, आणि एनएमआयमध्ये ती यादी फक्त ओतायची. या शिस्तीचा उपयोग गेमपुरता नाही. सातपूर-अंबडला कंट्रोलर किंवा मीटरच्या फर्मवेअरवर काम करणाऱ्याला इंटरप्टमध्ये कमीत कमी काम ठेवायला सांगतात ते याच कारणाने. इथे ते न पाळल्याचा परिणाम पडद्यावर फाटलेल्या चित्रात लगेच दिसतो.

एक खास जागा सांगून ठेवतो. $२००६ वर लिहून झाल्यावर $२००५ मध्ये दोनदा शून्य टाकायला विसरलात, तर अख्खं चित्र भलतीकडे सरकतं. दोष दिसतो स्क्रोलचा, असतो पत्त्याचा, आणि माणूस नको तिथे शोधत बसतो.

सरावाला गेम कुठला? आपल्या जिल्ह्यातलाच घ्या. निफाडची द्राक्षबाग, वरून घड सुटतायत, खाली क्रेट घेऊन उजवी-डावीकडे पळायचं. मधूनच गारा. घड पडला क्रेटमध्ये तर गुण, गार लागली तर नुकसान. एकच पडदा, स्क्रोल नाही, आणि शिकायचं जवळजवळ सगळं त्यात येतं.

आधी एकच ८ बाय ८चा स्प्राइट दाखवा. प्रत्येकाला चार बाइट: उभी जागा, चित्राचा नंबर, रंग-दिशा, आडवी जागा. वापरात नसलेल्यांची उभी जागा $एफएफ करा, म्हणजे ते पडद्याखाली जातात. नाही तर सगळे वरच्या डाव्या कोपऱ्यात गोळा होतात. मग रिमोट. $४०१६ मध्ये १ आणि मग ० लिहिलं की त्याच पत्त्यावरून आठ वाचनांत आठ बटणं येतात: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. क्रेट सरकवायला बटण दाबलेलं आहे एवढं पुरतं, पण स्टार्टसाठी ‘आत्ताच दाबलं’ हे कळायला हवं, नाही तर पॉज लागतो-सुटतो-लागतो. आत्ताचा बाइट मागच्याशी ईओआर करा, मग आत्ताच्याशी एएनडी. जे उरलं ते नव्याने दाबलेलं. आपल्याकडच्या रिमोटवर जादाची दोन टर्बो बटणं असायची. ती ए-बीलाच वेगाने चालू-बंद करतात, तेव्हा ए-बीवर एखादं काम ठेवलंत तर टर्बो धरूनही तपासा.

क्रेट तीन स्प्राइट रुंद ठेवा, घड दोन. पीपीयू एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट दाखवते. क्रेटचे तीन आणि त्याच उंचीवर आलेले दोन घड मिळून सात. एक गार आली, आठ. दुसरी गार आली की ती दिसणारच नाही, पण लागेल मात्र! उपाय जुनाच: दर चौकटीला स्प्राइटांचा क्रम फिरवा, म्हणजे गायब होण्याची पाळी प्रत्येकावर येते आणि चित्र नाहीसं होण्याऐवजी लुकलुकतं. जुन्या गेममध्ये गर्दी झाली की पात्रं लुकलुकायची, त्यामागे बहुधा हेच असायचं.

घड कुठून सुटेल हे ठरवायला यादृच्छिक आकडा हवा. एक बाइट घ्या, एएसएल करा, कॅरी आला तर $१डीशी ईओआर करा. २५५ वेळा आकडा फिरून येत नाही. सुरुवात शून्याने करू नका, शून्यातून तो बाहेर पडत नाही. स्टार्ट दाबेपर्यंत किती चौकटी गेल्या तो आकडा बीज म्हणून वापरा. माणसाचा हात दर वेळी वेगळ्या क्षणी पडतो.

गुणांपाशी ८०८५वाल्यांना डीएए आठवेल. मूळ ६५०२मध्ये दशमान पद्धत होती, पण रिकोच्या चिपमध्ये ती काढून टाकलेली आहे. एसईडी दिलं तरी बेरीज दशमान होत नाही. म्हणून एकक, दशक, शतक वेगवेगळ्या बाइटमध्ये ठेवा. एकक १० झाला की शून्य करा, दशक एकने वाढवा. चित्रांच्या यादीत पहिल्या दहा जागा ० ते ९ला दिल्या तर बाइट हाच चित्राचा नंबर, वेगळं रूपांतर नको. आणि ते अंक देवनागरी काढा. अंकांना शिरोरेषा नाही, मात्रा नाहीत, त्यामुळे ८ बाय ८मध्ये ते छान बसतात. ‘द्राक्षे’ लिहायला गेलात तर मात्र दोन ओळी उंचीचे चौकोन जोडावे लागतील, त्यातही क्षचा पाय दुमडावा लागेल. सुरुवातीचा पडदा करताना त्यावर एक रविवार जाऊ द्या.

डीबगिंगबद्दल दोनच गोष्टी. मेसेनमध्ये सुरू होताना रॅममध्ये वाटेल ते आकडे भरण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. खऱ्या डब्यातली रॅम कोरी नसते. आणि ‘रेंज एरर’ आला तर घाबरू नका, शर्तीची उडी मागे १२८ आणि पुढे १२७ बाइटांपलीकडे जात नाही. शर्त उलटी करून मधे जेएमपी घाला.

खऱ्या डब्यावर चालवायचं असेल तर आधी माळा शोधा. डबा सापडला आणि वायर तुटलेली असली तर एमजी रोडवर मोबाइल दुरुस्त करणारा कुणीही सोल्डर मारून देईल. ॲडॉप्टरचा व्होल्टेज आणि प्लस-मायनस मात्र आधी तपासून घ्या. फॅमिकॉमच्या वळणाच्या डब्यात कॅसेट अस्सल आहे का हे तपासणारी चिप नाही, त्यामुळे स्वतःची कॅसेट चालायला आडकाठी येत नाही. ती बनवायला जुन्या कॅसेटचा सांगाडा, कोडसाठी २७सी२५६ आणि चित्रांसाठी २७सी६४ अशा दोन ईप्रॉम आणि त्या भरायचं यंत्र लागतं. कॅसेट उघडून आत काळा गोळा दिसला तर ती परत बंद करा. चिप त्याच्याखाली थेट बोर्डावर बसवलेली असते, ती काढता येत नाही. पाय दिसणाऱ्या चिपांचीच कॅसेट हवी. मेमरी कार्डावरून गेम चालवणाऱ्या तयार कॅसेटही मिळतात, महाग असतात, आणि गेम पूर्ण होण्याआधी घेतल्या तर त्यावर दुसऱ्यांचे गेम उतरवून खेळण्यातच वेळ जातो. ती चोरी आहे हे वेगळंच.

गेम झाल्यावर फाइल अमेरिकेतल्या भाच्याला पाठवणार असाल तर एक काम उरतं. त्याच्याकडच्या यंत्रावर सेकंदाला ६० चौकटी, म्हणजे इथे नीट पकडता येणारे घड तिथे सव्वा पटीच्या आसपास वेगाने पडतील. गती ठरवणारा आकडा दोन बाइटांत ठेवा, एक पूर्णांकाचा आणि एक अपूर्णांकाचा, आणि त्याचे दोन तक्ते करा. सुरुवातीला दोन व्हीब्लँकच्या मधे एक ठरावीक लूप किती वेळा फिरतो ते मोजा. आपल्या डब्यात तो जास्त फिरेल, त्याच्याकडे कमी. त्यावरून तक्ता निवडा.